रेस कारमध्ये माणूस बसवायचा आणि बाहेर काढायचा, ते काम

एन्ड्युरन्स रेसचा, म्हणजे तासन्‌तास चालणाऱ्या आणि ड्रायव्हर बदलत चालवायच्या रेसचा, पिट स्टॉप बघताना सगळ्यांची नजर चाकांवर असते नाहीतर इंधनाच्या नळीवर, आणि दारात वाकून उभा असलेला एक माणूस कुणाला दिसतच नाही, ज्याचं डोकं आणि दोन्ही हात गाडीच्या आत असतात आणि फक्त पाय बाहेर. ते काम मी करतो. ड्रायव्हर बदलताना आधीच्याला बाहेर यायला मदत करायची, नव्याला आत बसवायचं, बेल्ट बांधायचे, दार लावायचं आणि बाजूला व्हायचं. बरेच जण विचारतात की यात शिकण्यासारखं काय आहे, माणूस गाडीत बसतो आणि उतरतो, त्यात काय, म्हणून एकदा सविस्तर लिहितोय.

मुळात ह्या गाड्या एवढ्या खाली का असतात ते बघा. वजन जेवढं जमिनीजवळ तेवढी गाडी वळणात कमी झुकते, आणि गाडी समोरून जेवढी छोटी तेवढी हवेला कमी नडते. आता गाडीतली सगळ्यात उंच आणि बऱ्यापैकी जड वस्तू कोण, तर ड्रायव्हर. मग डिझायनर त्याला खाली सरकवतो, मागे रेलवतो, पाय सरळ पुढे पसरवतो, फॉर्म्युला गाडीत तर टाचा जवळजवळ कंबरेच्या पातळीला येतात किंवा वरही. म्हणजे माणूस बसलेला नसतोच, पाठीवर पडलेला असतो, आणि पडलेल्या माणसाला उठायला जे जे लागतं ते काहीच तिथे नसतं. पायाखाली जमीन नाही, गुडघे वाकवायला जागा नाही, कोपर बाहेर काढायलाही जागा नाही.

फोर्डच्या जीटी४० चं नाव तिच्या उंचीवरून पडलं, ४० इंच, म्हणजे जेमतेम एक मीटर. त्या गाडीची दारं छतात कापून घेतलेली आहेत, कारण नाहीतर डोकं आत जाणारच नाही. आणि तरी डॅन गर्नीसारखा सहा फुटांच्या बराच वर असलेला माणूस त्यात मावेना, म्हणून छताला त्याच्या हेल्मेटपुरता एक फुगवटा केला, आणि तसा फुगवटा असलेल्याच मार्क फोर गाडीतून गर्नी आणि ए जे फॉयट १९६७ चं ल मान्स, म्हणजे फ्रान्समधली ती चोवीस तासांची रेस, जिंकले. मर्सिडीजची ३०० एसएल घ्या, १९५२ ची रेसची गाडी. तिचा सांगाडा बारीक नळ्यांचा, त्या नळ्या दोन्ही बाजूंनी खूप वरपर्यंत येतात, त्यामुळे नेहमीसारखं दार कापायला जागाच नाही. म्हणून वर उघडणारी पंखासारखी दारं आली. लोकांना ती फॅशन वाटते पण तो नाइलाज होता, आणि सुरुवातीला ते दार जवळजवळ खिडकीएवढंच होतं, त्या वर्षीच्या ल मान्सपर्यंत ते खाली वाढवलं. मला हा इतिहास फार आवडतो कारण त्यात एक गोष्ट दिसते, गाडी आधी ठरते आणि माणूस त्यात कसा जाणार हा प्रश्न नंतर येतो. तो नंतरचा प्रश्न आमच्या वाट्याचा.

आता प्रत्यक्ष बसणं. सिंगल सीटरमध्ये, म्हणजे फॉर्म्युला गाडीसारख्या एकाच माणसाच्या उघड्या गाडीत, वरून उतरावं लागतं. हेलो, म्हणजे ड्रायव्हरच्या डोक्याभोवतीची ती संरक्षक कमान, धरायचा, एक पाय आत टाकायचा तो थेट सीटवर, मग दुसरा पाय, म्हणजे ड्रायव्हर सीटवर उभा राहतो, मग दोन्ही हात कॉकपिटच्या कडेवर टेकून पाय पुढे सरकवत सरकवत खाली जायचं. स्टिअरिंग आधीच काढलेलं असतं, डोक्याभोवतीचं पॅडिंगही काढलेलं असतं. इथे मदत करणाऱ्याचं पहिलं काम म्हणजे बुटाचा तळ पुसणं. खरंच सांगतो, तळाला ओल किंवा खडी लागलेली असली तर ती सीटवर जाते, तिथून पाठीखाली जाते आणि पेडलवरही जाते, आणि ब्रेकवर घसरणारा बूट म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. दुसरं काम, पाय कुठे ठेवायचा आणि कुठे नाही ते नव्या ड्रायव्हरला आधीच बोट लावून दाखवायचं, कारण बॉडीवर्कचे बरेचसे भाग माणसाचं वजन घ्यायला बनवलेलेच नसतात.

छतवाल्या गाडीत प्रकार वेगळा. जीटी गाडीत दार मोठं असतं पण मध्ये रोल केजचे, म्हणजे गाडी उलटली तरी छत चेपू नये म्हणून आत बसवलेल्या पिंजऱ्याचे, बार आडवे आलेले असतात, ते ओलांडून जायचं. बहुतेक जण आधी आतला पाय टाकतात, मग ढुंगण सीटवर, मग डोकं, आणि शेवटी बाहेर राहिलेला पाय गुडघा छातीशी घेऊन आत. काही उंच लोकांना उलटं सोपं जातं, आधी ढुंगण टेकवायचं आणि मग दोन्ही पाय एकदम फिरवायचे. कुठली पद्धत बरोबर यावर मी वाद घालत नाही, ज्याला जी जमते ती त्याची, फक्त एकदा ठरली की बदलायची नाही, कारण मला त्याच्या प्रत्येक हालचालीच्या आधी माझा हात कुठे हवा ते माहीत असावं लागतं.

डोक्याचं एक लक्षात घ्या. ड्रायव्हर आत जाताना हेल्मेट घातलेला असतो आणि मानेला हान्स असतं. हान्स म्हणजे खांद्यांवर बसणारी ती कडक कॉलर, दोन पट्ट्यांनी हेल्मेटला जोडलेली, रॉबर्ट हबर्ड आणि जिम डाउनिंग या दोघांनी ती आणली आणि २००३ पासून फॉर्म्युला वनमध्ये सक्तीची झाली. धडकेत डोकं पुढे फेकलं जाऊ नये म्हणून ती आहे आणि तिने किती माना वाचवल्या असतील त्याची गणतीच नाही. पण ती घातल्यावर मान फारशी वाकत नाही आणि वळतही नाही, त्यामुळे ड्रायव्हरला आपला स्वतःचा पाय दिसत नाही, दाराखालची कड, म्हणजे सिल, दिसत नाही, बकल दिसत नाही. तो सगळं स्पर्शाने करतो. म्हणून दारातला माणूस शांत असायला हवा, त्याने पट्टा हातात द्यायचा तर तळहातावर टेकवून द्यायचा, हवेत धरून ठेवायचा नाही.

आणि मग बेल्ट. ह्या विषयावर मी तासभर बोलू शकतो. सहा पट्ट्यांचा हार्नेस, दोन कमरेचे, दोन खांद्यांचे, दोन मांड्यांमधून येणारे, सगळे एका गोल बकलमध्ये, आणि ते बकल फिरवलं की सगळे एकदम सुटतात. कमरेचे पट्टे आधी आवळायचे आणि ते पोटावर नाही, कंबरेच्या हाडांवर, खाली. हे सगळ्यात महत्त्वाचं. पट्टा पोटावर चढला तर धडकेत तो आतल्या मऊ अवयवांवर येतो, हाडावर असला तर हाड भार घेतं. मांड्यांमधले पट्टे माणसाला खाली पुढे घसरू देत नाहीत. खांद्यांचे सगळ्यात शेवटी, आणि ते हान्सच्या वरूनच गेले पाहिजेत, दोन्ही बाजूंनी, एक जरी पट्टा हान्सवरून घसरून दंडावर आला तरी ते हान्स असून नसल्यासारखं. खांद्याचे पट्टे ड्रायव्हरला स्वतःला नीट आवळता येत नाहीत, कोपराला जागाच नसते, म्हणून ते मी ओढतो. तो श्वास सोडतो, मी ओढतो. बाहेरच्या माणसाला वाटतं एवढं करकचून कशाला, पण पहिल्या दोन ब्रेकिंगमध्ये अंग सीटमध्ये बसतं आणि पट्टे आपोआप थोडे सैल लागायला लागतात.

कमरेचे पट्टे आधी का, तर खांद्याचे आधी ओढले की ते बकललाच वर खेचतात आणि कमरेचा पट्टा पोटावर चढतो. हे कारण समजलं की क्रम पाठ करावा लागत नाही.

एन्ड्युरन्समध्ये हेच सगळं घाईत. एक ड्रायव्हर उतरतो आणि दुसरा बसतो, तेवढ्यात बाजूला टायर नाहीतर इंधन चालू असतं. उतरणारा गाडी थांबली की पट्टे सोडायच्या आधी ते पूर्ण सैल करतो, ही त्याने पुढच्यासाठी केलेली सगळ्यात मोठी मदत, कारण सैल पट्टे आवळायला क्षण लागतो पण आवळलेल्या पट्ट्यांमध्ये शिरताच येत नाही. कमरेच्या पट्ट्यांना आम्ही इलॅस्टिकची दोरी लावून ते बाहेरच्या बाजूला ताणून ठेवतो, नाहीतर नवा माणूस नेमका त्यांच्यावर बसतो आणि मग परत उठा. बुटक्या ड्रायव्हरचं स्वतःचं सीट इन्सर्ट असेल तर ते उतरणारा बरोबर घेऊन बाहेर येतो किंवा बसणारा घेऊन जातो. मग रेडिओची वायर, पिण्याच्या पाण्याची नळी, हेल्मेटला थंड हवा देणारी नळी असेल तर ती. मी रेडिओ लवकर जोडतो, कारण त्यानंतर ड्रायव्हर मला बोलून सांगू शकतो की डावा पट्टा पिळलाय. शेवटी स्टिअरिंग, आणि ते बसल्याचा खटका ऐकू आला तरी ड्रायव्हरने ते स्वतःकडे ओढून बघायचंच.

यात एक-दोन सेकंद वाचवायचा मोह सगळ्यांना होतो, टीम मॅनेजरला तर होतोच. मला तो मोह चुकीचा वाटतो आणि मी ते तोंडावर सांगतो. ल मान्सला पूर्वी ड्रायव्हर ट्रॅकच्या पलीकडून धावत यायचे, गाडीत उडी मारायचे आणि निघायचे, बघायला फार भारी, पण मग बेल्ट कोण बांधणार? लोक न बांधताच निघायचे. १९६८ ला विली मेरेसने घाईत निघताना जीटी४० चं दार नीट लावलं नाही, पहिल्याच लॅपला ते वेगात उघडलं, अपघात झाला आणि त्याची कारकीर्द तिथे संपली. पुढच्या वर्षी १९६९ ला जॅकी इक्स धावलाच नाही, चालत गेला, शांतपणे बेल्ट बांधले आणि सगळ्यांच्या शेवटी निघाला. त्याच रेसच्या पहिल्या लॅपला जॉन वूल्फचा पोर्शेमध्ये अपघाती मृत्यू झाला, त्याने बेल्ट बांधलेला नव्हता. आणि चोवीस तासांनंतर इक्सची गाडी जिंकली, तीही शंभर-सव्वाशे मीटरच्या फरकाने. १९७० पासून ड्रायव्हर आधीच गाडीत बसून, बेल्ट बांधून सुरुवात करायला लागले. ज्याला बेल्टवरच्या सेकंदांचा हिशोब करायचाय त्याने इक्सचा हिशोब आधी करावा.

आता बाहेर येणं, आणि माझ्या कामाचा खरा गाभा हाच आहे. मी माणसाला आत बसवतो तेव्हा प्रत्येक पट्टा, प्रत्येक वायर मी अशी ठेवतो की बाहेर येताना त्याला माझी गरज पडू नये. पिटमध्ये मी आहे, ट्रॅकवर मी नाही.

नियमही तसेच आहेत. फॉर्म्युला वनमध्ये ड्रायव्हरला पूर्ण कपड्यात, बेल्ट बांधलेल्या अवस्थेतून ७ सेकंदांत बाहेर यावं लागतं आणि १२ सेकंदांच्या आत स्टिअरिंग परत जागेवर लावावं लागतं. बाहेर येताना स्टिअरिंग सोडून दुसरं काहीही काढायला लागता कामा नये. स्टिअरिंग परत का लावायचं, तर अडकलेली गाडी मार्शलना, म्हणजे ट्रॅकवरच्या मदतनिसांना, ढकलून न्यायची असते, चाकं वळवता आली पाहिजेत. हेलो यायच्या आधी बाहेर यायची वेळ ५ सेकंद होती, २०१८ ला हेलो आला आणि ती ७ झाली. तेव्हा बरेच जण म्हणत होते की आता ड्रायव्हर अडकणार, आगीत बाहेर येता येणार नाही.

मग २०२० ला २९ नोव्हेंबरला बहरीनमध्ये रोमां ग्रोजाँची गाडी पहिल्याच लॅपला लोखंडी रेलिंग फोडून घुसली, दोन तुकडे झाले आणि पेटली. हेलो नसता तर ते रेलिंग थेट डोक्यावर आलं असतं. तो सुमारे २८ सेकंद आगीत होता. उठायचा प्रयत्न केला तर डोकं कशाला तरी लागत होतं, बाजूने बघितलं, जमेना, डावा पाय पेडलपाशी अडकलेला, तो त्याने बुटातून ओढून काढला आणि बूट आतच राहिला. पहिल्या लॅपला मेडिकल कार मागोमाग जाते म्हणून डॉक्टर इयन रॉबर्ट्स लगेच तिथे पोचले होते आणि त्यांनी त्याला रेलिंगवरून ओढून घेतलं. हाताच्या भाजण्यावर निभावलं. मी ते फुटेज कितीदा तरी बघितलंय आणि प्रत्येक वेळी हेच दिसतं की शुद्धीत असलेला आणि वाट माहीत असलेला माणूस जवळजवळ बंद झालेल्या वाटेनेसुद्धा बाहेर येतो.

आणि शुद्धीत नसेल तर? १ ऑगस्ट १९७६, नूरबर्गरिंग, निकी लाउडा. पेटलेल्या गाडीतून त्याला काढलं ते दुसऱ्या ड्रायव्हर्सनी, आर्तुरो मेर्झारिओ, गाय एडवर्ड्स, ब्रेट लंगर आणि हाराल्ड एर्टल. बेल्ट सोडला मेर्झारिओने. तो स्वतः ड्रायव्हर, बकल कुठे असतं आणि कसं सुटतं ते त्याच्या हाताला माहीत होतं. रेसिंग सूटच्या खांद्यावर ज्या पट्ट्या असतात ना, त्या शोभेच्या नाहीत, माणसाला धरून वर ओढता यावं म्हणून त्या मजबूत शिवलेल्या असतात. नवा सूट आला की मी त्या ओढून बघतो.

पण आग नसेल तर हात आवरायचा, हे तितकंच महत्त्वाचं आणि हे लोकांना पटवणं अवघड जातं. गाडी धडकली, ड्रायव्हर आत बसलाय, बोलतोय, मान दुखते म्हणतोय, अशा वेळी त्याला भावनेच्या भरात ओढून काढायचं नाही, अजिबात नाही. मणक्याला इजा असेल तर आपल्या ओढण्याने ती कायमची होऊ शकते. डोकं दोन हातांनी स्थिर धरायचं आणि मेडिकल टीमची वाट बघायची. फॉर्म्युला वनमध्ये तर अख्खं सीट ड्रायव्हरसकट उचलून काढता येतं, त्याला दोनपेक्षा जास्त बोल्ट नसतात आणि सगळ्या टीमच्या गाड्यांना एकच हत्यार चालतं. शिवाय बेल्ट बांधलेले असताना, स्टिअरिंग काढल्यावर, ड्रायव्हरला दोन्ही पाय एकत्र इतके मागे घेता आले पाहिजेत की गुडघे स्टिअरिंगच्या रेषेच्या मागे येतील, असाही नियम आहे. कुणीतरी शांतपणे बसून हा विचार केलाय, मला याचं फार कौतुक वाटतं.

हायब्रिड गाड्यांचं, म्हणजे इंजिनाबरोबर विजेवरही चालणाऱ्या गाड्यांचं, थोडक्यात सांगतो. २००८ ला हेरेझच्या टेस्टिंगमध्ये एका मेकॅनिकला गाडीला हात लावल्यावर शॉक बसला होता. तेव्हापासून शिस्त अशी की गाडीवरचा दिवा हिरवा असेल तरच हात लावायचा, आणि दिवा लाल असेल किंवा शंका असेल तर ड्रायव्हरने कडेवर उभं राहून दोन्ही पाय जुळवून लांब उडी मारायची, एक हात गाडीला आणि एक पाय जमिनीवर असं कधीच नाही. आणि आपण ओढायला पुढे जायचं नाही.

मला ह्या कामातला सगळ्यात जिव्हाळ्याचा भाग कुठला म्हणाल, तर ज्यांचं शरीर नेहमीसारखं साथ देत नाही अशा ड्रायव्हर्सबरोबर काम करणं. २०१९ ला डेटोनाच्या २४ तासांना अ‍ॅलेक्स झानार्डी बीएमडब्ल्यू एम८ चालवत होता, २००१ च्या अपघातात दोन्ही पाय गेलेले, हाताने चालवायचे कंट्रोल, आणि कृत्रिम पाय न लावता. ड्रायव्हर बदलताना त्याचं स्टिअरिंग निघायचं आणि सहकाऱ्यांचं लागायचं, म्हणजे दर वेळी माणूस आणि स्टिअरिंग दोन्ही बदलायचं. २०१६ ला ल मान्सला फ्रेदेरिक सोसे होता, हातपाय चारही गमावलेले, आणि त्याने रेस पूर्ण केली. त्याच्याच टीमने २०२१ ला ताकुमा आओकी आणि नायजेल बेली यांना ल मान्समध्ये उतरवलं, दोघांनाही पायांची हालचाल नाही, आणि तीही गाडी शेवटपर्यंत गेली. ह्या गोष्टी वाचताना लोक ड्रायव्हरच्या जिद्दीबद्दल बोलतात आणि बोलायलाच हवं, पण मला त्या दारातल्या माणसाचे हातही दिसतात, कुठे धरायचं, केव्हा सोडायचं, किती उचलायचं.

साधे क्लब रेसर, वय झालेले, गुडघे दुखणारे, यांनाही हेच लागू. त्यांना मदत मागायला संकोच वाटतो. ओ काका, मागा ना. पण मदत करणाऱ्यानेही विचारूनच हात लावायचा, काखेत हात घालून एकदम उचलायचं नाही, खांदा निखळतो अशाने. आपला हात पुढे करायचा, त्याने आपलं मनगट धरायचं आणि आपण त्याचं, बोटं धरली तर ग्लव्हजमधून सटकतात. उठताना जोर त्याचा, आधार आपला. त्याला गाडीच्या कडेवर आधी बसू द्यायचं, दोन श्वास घेऊ द्यायचे आणि मग उभं करायचं, कारण तासभर पाय वर करून पडलेला, घामाने निथळलेला माणूस एकदम उभा राहिला तर चक्कर येते. आणि एकदा तरी मदतीशिवाय बाहेर यायचा सराव त्यांच्याकडून करून घ्यायचाच, कितीही वेळ लागो. तो जर खूपच जास्त लागत असेल तर सीट, पॅडिंग, दाराचं नेट म्हणजे जाळी, काहीतरी बदलायला हवं, आणि ते रेसच्या आधी कळलं पाहिजे.

सराव कसा घ्यायचा ते सांगून थांबतो. पूर्ण कपडे, हेल्मेट, हान्स, ग्लव्हज, सगळं घालून, टी-शर्टवर केलेल्या सरावाला काही अर्थ नाही. आधी सावकाश, घड्याळाशिवाय, क्रम हातात बसेपर्यंत. मग घड्याळ लावून. मग डोळे मिटून, म्हणजे धुरात असल्यासारखं, बकल, स्टिअरिंगचं कुलूप, नेटचा खटका, दाराची कडी, आग विझवायच्या सिस्टिमचं बटण, सगळं हाताने शोधायचं. छतवाल्या गाडीत दुसऱ्या बाजूच्या दारानेही बाहेर यायचं, कारण गाडी कुठल्या अंगावर भिंतीला टेकेल ते आपण ठरवत नाही, आणि तिकडून येताना दोन बाजूंच्या मधल्या उंचवट्यावर रेडिओची वायर अडकते हे हमखास तेव्हाच कळतं. वायर अडकली तर तिची जागा बदलायची आणि परत पहिल्यापासून. हे सगळं चालू असताना मी गाडीपासून दोन पावलं मागे उभा असतो, आणि त्याने कितीही धडपड केली तरी हात पुढे करत नाही.